आगोटीची बेगमी आणि घराचा विमा : वर्सोव्याच्या निमित्ताने

कोकणकिनाऱ्यावर मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच्या दिवसांस ‘आगोट’ म्हणतात. या दिवसांत धान्य, मीठ, मसाला, सुकी मासळी व सरपण यांची बेगमी करावयाची, कौले चाळून घराची शाकारणी करावयाची आणि मग निश्चिंत मनाने पावसाची वाट पाहावयाची, असा जुना रिवाज आहे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात १ जूनपासून मासेमारीची बंदी सुरू होते आणि त्या सुमारास होड्या खाडीच्या आश्रयाला येतात. कोळीवाड्याला लागून असलेल्या यारी रोड व सात बंगला या भागांतील सहकारी गृहसंस्थांतही आगोटीची लगबग असते. कोठे गच्चीवर जलरोधनाचा थर घातला जातो, कोठे खिडक्यांवर ताडपत्री बांधली जाते. या साऱ्या तयारीत एक वस्तू मात्र बहुधा कपाटातच राहते. ती म्हणजे घराचे विमापत्र. ते बाहेर निघते ते पाणी घरात शिरून गेल्यावर, आणि त्यातील मजकूर विमेदार प्रथमच वाचतो तोही तेव्हाच.

विमापत्राची पावसाळ्यापूर्वी उजळणी करणे म्हणजे हप्ता भरल्याची पावती शोधणे नव्हे. गृहविमा हा मूलतः हानीचा विमा नसून विशिष्ट कारणांनी होणाऱ्या हानीचा विमा आहे. ओली झालेली भिंत एकच असते. परंतु ती कोणत्या पाण्याने ओली झाली यावर भरपाईचा हक्क अवलंबून असतो. हा भेद आगाऊ समजून घेणे हाच उजळणीचा खरा हेतू होय. वर्सोव्यासारख्या वस्तीच्या संदर्भात त्याचा विचार येथे केला आहे.

१. धोक्याचे स्वरूप

वर्सोव्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आणि उत्तरेस मालाडच्या खाडीचे मुख आहे. पलीकडच्या तीरावर मढ. अंधेरीच्या पश्चिम भागातील पावसाचे पाणी नाल्यांवाटे याच खाडीकडे व समुद्राकडे जाते. भरती मोठी असेल तर नाल्यांच्या मुखांशी समुद्राचे पाणी चढते आणि आतले पाणी बाहेर जाण्यास वाव उरत नाही. म्हणूनच साडेचार मीटरांहून उंच भरतीचे दिवस बृहन्मुंबई महानगरपालिका दरवर्षी आगाऊ जाहीर करते. मुसळधार पाऊस आणि अशी भरती एकाच वेळी आली म्हणजे रस्ता व तळमजला यांतील अंतर नाहीसे होते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यास सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढी तफावत पडू शकते, हे उपनगरातील विमेदाराने विसरता कामा नये. वादळांचीही गणना करावी लागते. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईस चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही वादळे मुंबईच्या जवळून गेली. या तारखांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. अरबी समुद्रातील वादळांचे हंगाम दोन आहेत. एक पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दुसरा पावसाळा सरल्यानंतर. जूनमध्ये पाहिलेले विमापत्र ऑक्टोबरात संपत असेल आणि त्याचे नूतनीकरण राहून गेले, तर अर्धा धोका उघडाच राहतो.

२. विमापत्र काय सांगते

निवासी घरांसाठी विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे प्रमाणित विमापत्र ठरविले आणि १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विम्याच्या कंपन्यांवर ते उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले. त्यापूर्वी घरांसाठीही आगीच्या विम्याचे सर्वसामान्य प्रमाणित विमापत्रच वापरले जाई. नव्या विमापत्रात धोके नावानिशी दिलेले आहेत: आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ व चक्रीवादळ, त्सुनामी, पूर व जलमयता, जमीन खचणे व दरड कोसळणे, बाहेरील वस्तूची धडक, दंगल व द्वेषमूलक नासधूस, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा भरून वाहणे, इत्यादी. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेच्या निमित्ताने झालेली चोरीही त्यात येते. २००५ सारख्या प्रसंगी दार मोडलेले घर सोडून जावे लागणाऱ्या कुटुंबास या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको.

यादीत जे नाव नाही ते विम्यात नाही, हे अशा विमापत्राचे पहिले सूत्र. यादीत नाव असूनही अपवादात जे गेले तेही विम्यात नाही, हे दुसरे. पावसाळ्याच्या दृष्टीने दोन अपवाद विशेष ध्यानात घ्यावेत. विजेवर चालणारे एखादे यंत्र विद्युतदाब वाढल्याने किंवा शॉर्ट सर्किटने जळाले, तर त्या यंत्राची भरपाई मिळत नाही. त्यामागचे कारण आकाशातील वीज असले तरी हा अपवाद लागू राहतो. मात्र त्या यंत्रापासून आग लागून इतर सामान जळाले, तर त्या सामानाची भरपाई मिळते. तोच शीतकपाट पुराच्या पाण्यात बुडून निकामी झाला, तर ती पुराची हानी ठरते. दुसरा अपवाद वाहनांचा. इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या जागेत उभी असलेली मोटार घराच्या विम्यात येत नाही. तिच्यासाठी मोटारविमाच पाहावा लागतो.

३. अकस्मात आणि हळूहळू

मुंबईच्या पावसाळ्यातील सर्वांत नित्याची तक्रार पुराची नसून गळतीची असते. गच्चीच्या भेगांतून झिरपणारे पाणी, बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल, वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून छतावर उमटणारा डाग, या गोष्टी दरवर्षी घडतात व वर्षानुवर्षे वाढत जातात. विम्याच्या दृष्टीने ही झीज होय. जे हळूहळू घडते, ज्याचा अंदाज आधी करता येतो आणि जे डागडुजीने टाळता येते, त्याचा विमा कंपनी घेत नाही. पाण्याचा नळ एका रात्रीत फुटून खालचे घर भिजले, तर तो विम्याचा विषय आहे. तोच नळ वर्षभर पाझरत राहिला, तर तो डागडुजीचा विषय आहे.

समुद्रकाठी या भेदास आणखी एक पदर आहे. खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरतात व आतील लोखंडी सळ्यांवरील संरक्षक आवरण मोडून टाकतात. सळी गंजली म्हणजे गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठे होते, काँक्रीटला भेगा पडतात आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. त्या भेगांतून अधिक पाणी शिरते व गंज वाढतो. असे छत एखाद्या पावसाळी रात्री कोसळले, तर रहिवासी म्हणतो की ते पावसाने पडले. नुकसान पाहण्यास आलेला सर्व्हेअर म्हणतो की ते गंजाने पडले. निव्वळ कोसळणे हा यादीतील धोका नसल्यामुळे वादाचा निकाल कारणावर लागतो. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनेची तपासणी करून घेणे महापालिकेच्या कायद्याने आवश्यक केले आहे. त्या तपासणीचा अहवाल आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्तीच्या पावत्या विमापत्राबरोबरच जपून ठेवाव्यात. पडझडीपूर्वी इमारत सुस्थितीत होती, हे दाखविण्यास त्याहून चांगला पुरावा नाही.

४. समुद्र, वाळू आणि भराव

वर्सोव्याच्या चौपाटीची धूप हा रहिवाशांच्या परिचयाचा विषय आहे. तिच्या संबंधात विमापत्रातील एक कलम बारकाईने वाचण्याजोगे आहे. ‘जमीन खचणे व दरड कोसळणे’ या धोक्याची नोंद करून त्याच्यापुढेच अपवाद दिलेले आहेत: नव्या बांधकामाचे स्वाभाविक बसणे व त्यास पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भराव घातलेल्या जमिनीचे खचणे किंवा सरकणे, समुद्रकिनाऱ्याची वा नदीकाठाची धूप, सदोष आराखडा किंवा सदोष साहित्य, आणि खोदकाम वा बांधकाम यांमुळे झालेली हानी. अंधेरीच्या पश्चिमेकडील काही वसाहती खाजणात भराव घालून उभ्या राहिल्या आहेत आणि किनाऱ्याची धूप चालूच आहे. जमीन खचण्याच्या ज्या दोन कारणांची येथे अधिक शक्यता, नेमकी तीच अपवादात आहेत.

परंतु हे अपवाद जमीन खचण्याच्या धोक्यापुढे लिहिले आहेत, वादळाच्या किंवा पुराच्या धोक्यापुढे नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चक्रीवादळाच्या रात्री उसळलेल्या लाटांनी कुंपणाची भिंत पाडली, तर तिचे कारण वादळ होय. वाळू वर्षानुवर्षे ओसरून पाया उघडा पडला आणि भिंत एखाद्या साध्या भरतीच्या दिवशी पडली, तर तिचे कारण धूप होय. दोन्ही कारणे एकत्र आली म्हणजे निकटतम कारण कोणते, हा विमाशास्त्रातील जुना प्रश्न उभा राहतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१८ मध्ये ‘इकारिया’ नावाच्या जहाजाच्या खटल्यात त्याचा विचार केला होता. टॉर्पेडोने फुटलेले ते जहाज बंदरात आणण्यात आले, तेथे वादळात धक्क्यावर आपटले व शेवटी बुडाले. विम्यात समुद्राचे धोके होते, युद्धाचे नव्हते. काळाच्या क्रमाने शेवटचे कारण समुद्र असले, तरी प्रभावी कारण टॉर्पेडोच होय, असे ठरवून भरपाई नाकारण्यात आली. भारतात सागरी विम्यासंबंधीच्या १९६३ च्या कायद्याने हे तत्त्व स्वीकारले असून इतर विम्यांतही तेच मानले जाते. किनाऱ्यावरील गृहसंस्थेने पाया, कुंपण व समोरची वाळू यांची तारखेसह छायाचित्रे दर मे महिन्यात काढून ठेवणे, हे या तत्त्वाचे अगदी व्यावहारिक फलित आहे.

५. विम्याची रक्कम

वर्सोव्यातील घराची किंमत सांगताना रहिवाशाच्या डोळ्यांसमोर बाजारभाव असतो. त्या भावाचा मोठा भाग जमिनीचा व समुद्रसान्निध्याचा असतो. विमा इमारतीचा आहे, जमिनीचा नाही. ‘भारत गृह रक्षा’मध्ये विम्याची रक्कम चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा प्रचलित दर या हिशेबाने काढतात. उदाहरणादाखल, ५६ चौरस मीटर चटईक्षेत्राच्या घरास चौरस मीटरला ३५,००० रुपये दर गृहीत धरला, तर ही रक्कम १९,६०,००० रुपये होते. बाजारभावावर हप्ता भरणाऱ्याचे पैसे वाया जातात, कारण भरपाई प्रत्यक्ष बांधकामखर्चाहून अधिक मिळत नाही.

याच्या उलट चूकही आढळते. गृहकर्जाबरोबर घेतलेला विमा पुष्कळदा कर्जाच्या रकमेइतकाच असतो. वरील घराचा विमा १०,००,००० रुपयांचाच असेल आणि ४,००,००० रुपयांची हानी झाली, तर जुन्या विमापत्रातील सरासरीच्या नियमाप्रमाणे भरपाईही त्याच प्रमाणात घटून सुमारे २,०४,००० रुपये होई. नव्या विमापत्रात हा नियम काढून टाकला आहे. अंशतः हानी विम्याच्या रकमेच्या मर्यादेत पूर्ण भरून मिळते. तथापि संपूर्ण घर गेले, तर १०,००,००० रुपयांपलीकडे काही मिळणार नाही, आणि त्या रकमेवरही पहिला हक्क बहुधा कर्ज देणाऱ्या बँकेचा असतो. हे विमापत्र दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीचे घेता येते व दीर्घ मुदतीत विम्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. नव्याने बांधलेल्या खोलीची किंवा वाढविलेल्या क्षेत्राची नोंद मात्र आपोआप होत नाही. ती करावी लागते.

घरातील सामानाचा विमा इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांइतका, कमाल १०,००,००० रुपयांपर्यंत, वेगळा तपशील न देता अंतर्भूत असतो. वरील उदाहरणात तो ३,९२,००० रुपये होईल. सामान त्याहून अधिक मोलाचे असेल तर ते जाहीर करून रक्कम वाढवून घ्यावी. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळी ऐच्छिक तरतूद आहे. याखेरीज ढिगारा हलविण्यासाठी भरपाईच्या दोन टक्क्यांपर्यंत, वास्तुविशारद व अभियंता यांच्या शुल्कासाठी पाच टक्क्यांपर्यंत आणि घर राहण्यायोग्य होईपर्यंत पर्यायी जागेचे भाडे, या तरतुदी त्यातच आहेत. अनेक विमेदार त्यांची मागणीच करीत नाहीत.

कोळीवाड्यातील घरांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे घर हे राहण्याचे ठिकाण असते आणि उद्योगाचेही. जाळी, इंजिनाचे भाग, विक्रीसाठी सुकविलेली मासळी ही धंद्याची मालमत्ता असल्याने ती घरगुती सामानात गणली जात नाही, आणि होडीचा विमा तर स्वतंत्रच असतो. ज्या कुटुंबाची खरी पुंजी जाळ्यांत आहे, त्याने केवळ घराचा विमा घेऊन स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

६. भिंत कोणाची

गृहसंस्थेतील सदनिकाधारकास दोन विम्यांचा विचार करावा लागतो, संस्थेचा व स्वतःचा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे आग व भूकंप यांविरुद्ध इमारतीचा विमा उतरविणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि त्याचा खर्च सदनिकांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून घ्यावयाचा असतो. या शब्दयोजनेत वादळ व पूर यांचा उल्लेख नाही. आगीच्या जुन्या विमापत्रात वादळ व पूर हे धोके समाविष्ट असत; परंतु हप्त्यात सूट घेऊन ते वगळण्याची मुभाही असे. उपविधींचे पालन झाले आणि इमारत पुरापासून मात्र उघडी राहिली, असे घडू शकते. वार्षिक सर्वसाधारण सभेत विम्याचा हप्ता मंजूर करताना सभासदांनी विमापत्रातील धोक्यांची यादी वाचून दाखविण्याची मागणी करावी, हे उचित होय.

संस्थेचा विमा नसेल तर सदनिकाधारकाचा वैयक्तिक विमा पुरेसा होतो काय, असा प्रश्न विचारला जातो. आतील दुरुस्ती व सामान यांपुरता तो उपयोगी पडतो. पण तिसऱ्या मजल्यावरील घर दुसऱ्या मजल्यावाचून बांधता येत नाही. उलटपक्षी, संस्थेच्या विम्यात सभासदाचे सामान येत नाही. दोन्ही विमे असले म्हणून एका भिंतीची भरपाई दोनदा मिळत नाही. क्षतिपूर्तीच्या तत्त्वानुसार दोन्ही कंपन्या आपापला वाटा उचलतात. यास्तव कोणत्या विम्यात काय आहे, याचे एक टिपण संस्थेच्या कार्यालयात असणे सर्वांच्या हिताचे आहे.

७. उजळणीची वेळ

वादळ समुद्रात दिसू लागल्यावर विम्याचा विचार करणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा एक निर्णय बोधप्रद आहे. पश्चिम बंगालमधील धुलियान येथील गंगाकाठच्या घरांचा विमा आगीबरोबर पुरासारख्या जोखमींविरुद्धही उतरविण्यात आला होता. नदीने ती घरे पुढे गिळली. परंतु त्याआधीच कंपनीने, अटींतील अधिकार वापरून, जोखीम रद्द केली होती. न्यायालयाने तो अधिकार मान्य केला, आणि विम्याच्या करारात पक्षांनी वापरलेल्या शब्दांचा अर्थ लावणे एवढेच न्यायालयाचे काम आहे, करार कितीही न्याय्य वाटला तरी तो नव्याने रचून देणे हे नव्हे, असे तत्त्व सांगितले. शब्द संदिग्ध असतील तर त्यांचा अर्थ कंपनीविरुद्ध लावला जातो. स्पष्ट असतील तर सहानुभूतीला तेथे जागा नसते.

विमापत्र मे महिन्यातच वाचावयाचे ते याच कारणासाठी. धोक्यांच्या यादीत वादळ व पूर आहेत काय, रक्कम बांधकामाच्या आजच्या दराशी जुळते काय, वाढीव बांधकाम नोंदविले आहे काय, मुदत दुसरा हंगाम संपेपर्यंत पुरते काय आणि संस्थेच्या विम्यात काय आहे, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे एका संध्याकाळी मिळू शकतात. नुकसान झालेच तर कंपनीस तत्काळ कळवावे, सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेल्या वस्तू फेकू नयेत व छायाचित्रे घ्यावीत. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्याचे कार्यालय मुंबईत आहे.

शाकारणी करणाऱ्या गृहस्थास ठाऊक असे की, कौले चाळल्याने वादळ टळत नाही. फक्त रोजचा पाऊस घराबाहेर राहतो. विम्याचे नेमके उलट आहे. तो रोजचा पाऊस थोपवीत नाही, आणि तसा करारही नसतो. वादळाने मोडलेले घर पुन्हा उभारण्याचे बळ मात्र तो देतो. विम्याच्या भरवशावर शाकारणी सोडणारा विमेदार आणि शाकारणीच्या भरवशावर विमा सोडणारा घरमालक, हे दोघेही पावसाळ्यात सारखेच उघडे पडतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी आगोटीच्या बेगमीतच मोडतात.